पांढरीतले मणी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या स्टँडवर चहा घेत उभी होते. आदल्या रात्री वळीव होऊन गेला होता. रस्त्याच्या कडेला गढूळ पाण्याची डबकी साचली होती आणि मातीला पहिल्या पावसाचा उग्र वास सुटला होता. शेजारी कुणीतरी सायकल उभी केली. शाळेतला पोरगा, आठवी-नववीतला असेल. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं असावं, कारण तो सरळ समोर आला आणि त्यानं मूठ उघडली. तळहातावर लाल अकीकाचा एक मणी होता. करंगळीच्या नखाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता, एका टोकाचा टवका उडालेला. "हे जुनं हाय का वो मॅडम?" मी तो चिमटीत धरून उजेडाकडे केला. कडा नारिंगी झाल्या, पोट मात्र गर्द लालच राहिलं. भोक दोन्ही बाजूंनी पाडत आणलेलं होतं आणि मधोमध ते जरा तिरकं जुळलं होतं. कुठे सापडला विचारलं, तर म्हणाला, "पांढरीवर. पाऊस पडला की निघतेत तिथं." मी सांगितलं, जुना आहे, चांगलाच जुना आहे, जपून ठेव. त्यानं मान डोलावली, मणी खिशात टाकला आणि सायकलवर टांग मारून तो निघून गेला.

तो खिसा पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना. शाळेच्या पँटचा खिसा. त्यात चिंचोके असतील, पेनाची टोपणं असतील, सुतळीचा तुकडा असेल. पँट धुवायला पडेल आणि मणी मोरीतून वाहून जाईल. किंवा आई तो उचलून देवळीत ठेवेल आणि विसरेल. किंवा बाहेरगावचा कुणी शौकीन माणूस पन्नासाची नोट देऊन तो घेऊन जाईल, आणि मग पुण्या-मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यात तो नुसता 'अँटिक' होऊन राहील. तेरचं नावही त्याच्यामागे उरणार नाही. त्याच दुपारी मी गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात जाऊन आले होते. तिथल्या कपाटांत असे मणी ओळीनं मांडलेले आहेत: अकीकाचे, काचेचे, शंखाचे, स्फटिकाचे, भाजलेल्या मातीचे. त्यांतलेही बरेच असेच पावसानंतर वर आलेले, कुणाच्या तरी मुठीतून आलेले. मग यांना कपाट मिळालं आणि त्याला खिसा, हे कशानं ठरलं?

ज्यांचं लहानपण मराठवाड्यातल्या खेड्यात गेलं त्यांना पांढरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आमचं घर धाब्याचं होतं. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि वर हातभर माती. मृग लागायच्या आत माळवदावर नवी माती पडायलाच हवी, नाहीतर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसायची वेळ. ही माती काळ्या रानातली चालत नाही. ती उन्हात भेगाळते आणि पाणी आत सोडते. लागते ती गावठाणाची, पांढरीची. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, त्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, चुना, हाडं, शेण असं सगळं एकावर एक मुरत गेलं की जी फिकट, चिकट, दाबली की घट्ट बसणारी माती तयार होते, ती. गाढवांवरून ती दारात येऊन पडायची आणि आजी आम्हा पोरांना कामाला लावायची: खापरं वेचून काढा. आम्ही वेचायचो. काळी, तांबडी, एखाद्या तुकड्यावर रेघा, एखाद्याला कान. उकिरड्यावर फेकून द्यायचो. एकदा बांगडीचा तुकडा निघाला, निळ्या काचेचा. तो मात्र चुलत बहिणीनं लपवून ठेवला होता. आमच्या डोक्यावर वर्षानुवर्षं कुणाचं तरी मोडलेलं गाव होतं, असं आज म्हणता येतं. तेव्हा ते फक्त छप्पर होतं.

तेरच्या पांढऱ्या म्हणजे तेरणेच्या काठानं पसरलेल्या टेकड्याच. त्यांतली माती पिढ्यान् पिढ्या टोपल्यांनी घरांवर गेली, खत म्हणून रानात गेली. माती गेली तसा आतला ऐवज उघडा पडत गेला. नाणी निघाली, मूर्ती निघाल्या, मातीचे दिवे निघाले. ज्यांना सापडलं त्यांनी पोरांना खेळायला दिलं, देव म्हणून शेंदूर लावला, किंवा फेकून दिलं. आणि या गावात, निजामी राजवटीच्या काळात, एक व्यापारी माणूस होता, ज्याला हे फेकू द्यावंसं वाटेना.

रामलिंगप्पा लामतुरे यांच्याकडे पुरातत्त्वाची कुठलीही पदवी नव्हती. पाठीशी संस्था नव्हती, खोदकामाचा परवाना नव्हता, हाताखाली मजूर नव्हते. दुकानदारी होती आणि आपल्या गावच्या मातीत काहीतरी मोलाचं आहे ही खात्री होती. ते गोळा करत राहिले. एक-दोन वर्षं नव्हे, आयुष्यभर. आज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यात असलेल्या या संग्रहालयाचा पाया म्हणजे त्या एका माणसाची साठवण. मला नेहमी वाटतं की हा छंद त्यांच्या घरच्यांना किती जड गेला असेल. दुकानात माल ठेवायला जागा अपुरी, आणि इथे फुटक्या बाहुल्यांच्या, खापरांच्या पेट्या. व्यापाऱ्यानं जमवायचं ते विकण्यासाठी. यांनी विकलं नाही. त्या काळात विकत घ्यायला माणसं होती. हस्तिदंताच्या एका पुतळीसाठी मागतील ती किंमत मोजणारे परदेशी संग्राहक होते. आपल्या हातात आलेली वस्तू गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा निर्णय मला त्यांच्या सगळ्या संग्रहाहून मोठा वाटतो.

गाव कुठलं, हेही एकोणिसावं शतक संपेपर्यंत जगाला नीट ठरवता आलेलं नव्हतं. पहिल्या शतकात भारताच्या किनाऱ्यानं व्यापार करणाऱ्या कुणा ग्रीक भाषक नाविकानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक यायचा. तगरहून साधं कापड पुष्कळ, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. हे सगळं रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलखांतून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात उतरवलं जाई. पैठण सगळ्यांना ठाऊक होतं. तगर मात्र हरवलं होतं. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी ते देवगिरीला नेऊन पाहिलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, रा. गो. भांडारकरांनी धारूरला. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेर हेच तगर असं मांडलं, आणि त्यापाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथे येऊन मंदिरं आणि टेकड्या पाहून त्याला जोड दिली. गंमत अशी की आपल्याकडच्या ताम्रपटांत हे नाव कधीच विसरलेलं नव्हतं. ठाण्याचे शिलाहार, कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवून घेत. कुठे कोकणची खाडी, कुठे पंचगंगा, आणि बिरुदात मिरवायचं ते तेरणाकाठचं मूळगाव. हजार वर्षांपूर्वीच्या राजांनाही 'मूळचे कुठले' या प्रश्नाचं उत्तर देताना तेरचं नाव घ्यावंसं वाटत होतं, हे वाचलं तेव्हा मला उगाच भरून आलं होतं. आम्ही पुण्यात राहतो आणि आमचंही तसंच आहे.

आता संग्रहालयात चला.

आत शिरलं की आधी गारवा जाणवतो, मग जुन्या लाकडाचा आणि वाळवीच्या औषधाचा मिसळलेला वास. माझा पाय पहिल्यांदा अडतो तो उत्तरेश्वराच्या मंदिरातल्या लाकडी चौकटीपाशी. तेरची जुनी मंदिरं विटांची. विटांत दार बसवायचं तर चौकट लाकडाची, आणि त्या लाकडावर कारागिरानं जे कोरलंय ते पाहताना हे लाकूड आहे हेच विसरायला होतं. दगडाला काळ सहज जात नाही. लाकडाला मात्र वाळवी, पाऊस, आग, सरपण असे किती शत्रू! मराठवाड्याच्या उन्हात लाकूड चिरफाळतं, पावसात फुगतं. ही चौकट शतकानुशतकं देवळाच्या दारात उभी राहिली, तिच्याखालून किती पिढ्या वाकून आत गेल्या असतील, आणि तरी तिच्यावरची वेलबुट्टी अजून बोटाला लागेल इतकी उठावदार आहे. हात लावायचा नसतो. मी लावला नाही, पण हात पाठीमागे बांधून ठेवावा लागला.

विटांचंही असंच. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, हे इथल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. मातीत तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. अशा हलक्या विटांची गजपृष्ठ छपरं उचलता येतात. गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर बघा, हत्तीच्या पाठीसारखं गोल माथ्याचं. ते चैत्यगृहाच्या घडणीचं आहे आणि आत पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे. डोंगर पोखरून केलेले चैत्य आपल्याकडे पुष्कळ. कार्ले, भाजे, अजिंठा सगळे पाहतात. सपाट जमिनीवर विटांनी बांधलेलं आणि अजून छपरासकट उभं असलेलं असं बांधकाम देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच आहे. त्या मंदिराच्या ओसरीत मी दुपारी बसले होते. एक म्हातारे गृहस्थ पारायणाची पोथी घेऊन बसले होते, त्यांनी डोळे वर न करता मला सरकून जागा दिली.

कपाटांकडे येऊ. तेरच्या संग्रहात मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवतात त्या पांढऱ्या केओलिन मातीच्या पुतळ्या. वीतभरही उंची नाही. साच्यात केलेल्या, पुढचा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही अर्धुकं ओली असतानाच जोडलेली. कानाच्या मागून खांद्यापर्यंत ती सांध्याची रेघ दिसते. काही ठिकाणी ती कारागिरानं ओल्या बोटानं पुसून घेतली आहे, काही ठिकाणी घाईत तशीच सोडली आहे. एक पुतळी कमरेपाशी फुटलेली आहे आणि तिचं पोकळ अंतरंग दिसतं. आत मातीचा थर साच्याच्या कोनाकोपऱ्यांत दाबून बसवताना जिथे जिथे अंगठा दाबला गेला, तिथे तिथे उथळ खळगे आहेत. बाहेरून मात्र केसांची बट न् बट वेगळी. अंबाड्यावर कमळं, कानांत जड कुंडलं, गळ्यात सरी, आणि चेहऱ्यावर एक मंद, स्वतःत रमलेलं समाधान. या कुणी देवी नसाव्यात असं मला वाटतं. त्या गावातल्या बायका असाव्यात, सणाला नटलेल्या, किंवा मुलींच्या भातुकलीतल्या नवऱ्या. अभ्यासक काहीही म्हणोत, त्यांच्याकडे पाहिलं की हात जोडावेत असं वाटत नाही. विचारावंसं वाटतं, बाई, हा अंबाडा घातला कसा?

पलीकडे मातीची पदकं आहेत, रोमन नाण्यांची नक्कल केलेली. टायबेरियस बादशहाचं डोकं मातीत उमटवलेलं, वर ओवायला सोय. सोन्याचं खरं नाणं परवडत नव्हतं त्यांनी मातीचं घातलं. माझ्या पणजीच्या पुतळ्यांच्या माळेत सोन्याच्या चकत्यांवर माणसं उभी होती. ती मूळ व्हेनिसच्या नाण्यांवरची माणसं हे मला फार उशिरा कळलं. परदेशी नाणं गळ्यात घालण्याची आपली हौस निदान दोन हजार वर्षांची आहे. आणि त्या पदकांच्या शेजारीच न्हाताना अंग-पाय घासायच्या वज्र्या. मातीच्या, चौकोनी, गोल, खालून रेघा ओढून खरखरीत केलेल्या. माझ्याबरोबर त्या दालनात बीडकडचं एक कुटुंब फिरत होतं. त्यातल्या सासूबाई इतका वेळ कंटाळून मागे मागे चालत होत्या. वज्री दिसताच थांबल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या न्हाणीत हाय की. मला वाटलं आता तरी काय नवीन दावतील." सून हसली. मग दोघी पुढे, पाय असलेल्या पाट्यापाशी गेल्या, दगडाचाच पाटा, त्याच दगडातून काढलेले चार पाय, आणि उंचीला बरा पडेल का, उभ्यानं वाटायचं की बसून, यावर त्यांची चांगली चर्चा रंगली. त्यानंतर मात्र त्या बाई प्रत्येक कपाटापाशी थांबत होत्या.

आणि ती हस्तिदंताची पुतळी. हातात मावेल एवढी, दागिन्यांनी लगडलेली, उभी. तेरचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं ते हिच्यामुळे. कारण हिची एक बहीण इटलीत आहे. १९३८ साली पाँपेईत अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्री सापडली. साधारण पंचवीस सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं सामान घेतलेल्या दोन लहान दासी, डोक्यात वरून आत गेलेलं भोक. आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय. इसवी सन ७९ मध्ये वेसुव्हियस ज्वालामुखीची राख पडली तेव्हा ती त्या घरात होती, म्हणजे त्याआधीच ती इथून तिथे पोचलेली होती. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तिच्याशी जुळणाऱ्या घडणीच्या आकृती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्यावर अभ्यासकांची नजर दख्खनकडे वळली. सगळ्यांचं एकमत नाही. तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्य भारताकडची. पण तेर-भोकरदनचं नाव घेतल्याशिवाय तिच्याबद्दल आता कुणाला लिहिता येत नाही. त्या वादात एका गावच्या व्यापाऱ्यानं न विकलेली एक लहानशी वस्तू साक्षीदार म्हणून उभी आहे. ती पुतळी त्या काळी विकली गेली असती, तर कुठल्याशा कॅटलॉगात 'बहुधा उत्तर भारत' असं लिहून मोकळे झाले असते.

नेपल्सच्या संग्रहालयात ती बहीण 'गुप्त दालना'त ठेवली गेली, पाँपेईच्या कामुक म्हणून वेगळ्या काढलेल्या वस्तूंबरोबर. मला याचं वाईट वाटतं. नग्न आहे म्हणून तिला तिथे बसवलं, आणि तिच्या पायांतल्या जड तोड्यांकडे, हातभर बांगड्यांकडे, वेणीकडे पाहायची नजर मागे पडली. तेरची मात्र आपल्या माणसांत आहे. तिच्या शेजारी मणी आहेत, तिच्यासारखेच केस बांधलेल्या मातीच्या सख्या आहेत, जवळच वज्र्या आहेत. तिच्या अंगावरचं सगळं तिच्या आसपास सापडतं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या संग्रहालयांत अप्रतिम वस्तू पाहिल्या आहेत, पण तिथे कुठल्याही वस्तूला शेजार नसतो.

ज्या कापडासाठी हे गाव प्रसिद्ध होतं, त्याचा मात्र एक धागाही कपाटात नाही. असणारच नाही. आपल्या हवेत कापूस दोन हजार वर्षं टिकत नाही. ज्या मलमलीसाठी गाड्या महिनाभर चालत भडोचला जात होत्या, ती मातीत मिसळून मातीच झाली. आज तेरच्या आसपासच्या रानात सगळीकडे सोयाबीन आहे. मी एका शेतकऱ्याला विचारलं, इकडे कापूस होतो का? "पूर्वी व्हायचा," म्हणाले. त्यांच्या 'पूर्वी'त किती मागचं बसत होतं कोण जाणे. पुतळ्यांच्या कमरेला जे वस्त्र दाखवलंय ते इतकं तलम आहे की त्याची फक्त काठाची रेघ दिसते. तगरच्या मलमलीचा उरलेला पुरावा म्हणायचा तर ती रेघ.

या संग्रहाबद्दल पुरातत्त्व शिकलेली माणसं एक तक्रार करतात आणि ती खरी आहे. लामतुरे यांनी जमवलेल्या बहुतेक वस्तूंना थर नाही. म्हणजे कुठल्या टेकडीत, किती खोलीवर, कशाच्या खाली आणि कशाच्या वर ती सापडली याची नोंद नाही. थर नसला की वस्तू सुंदर राहते, पण तिला काळ सांगता येत नाही. शैलीवरून अंदाज बांधावा लागतो. १९५८ मध्ये भा. ना. चापेकरांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं, १९७४ मध्ये शां. भा. देव यांनी केलं, पुढेही कामं झाली. त्या खड्ड्यांतल्या थरांशी ताडून लामतुरे यांच्या वस्तूंना थोडाफार काळ परत मिळाला. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर लिहिलं ते याच ऐवजामुळे. तरीही गेलेला थर येत नाही. गाढवावरून माळवदावर गेलेल्या मातीबरोबर तो गेला. लामतुरे यांनी गोळा केलं नसतं तर थर तर गेलाच होता, वस्तूही गेली असती. म्हणून मी कायम त्यांच्या बाजूनं बोलते, आणि तरी ती तक्रार मला टोचत राहते. एखाद्या मण्याच्या खाली काय होतं? नाणं होतं? चूल होती? एका नाण्यानं त्या मण्याचं शतक ठरलं असतं.

गोरोबाकाकांच्या गावात मातीची ही परीक्षा व्हावी याला काहीतरी अर्थ आहे. तेरला येणाऱ्यांतले बहुतेक जण संग्रहालयासाठी येत नाहीत, ते गोरोबाकाकांच्या समाधीसाठी येतात. चैत्र वद्य त्रयोदशीच्या यात्रेला तर तेरणेच्या काठी उभं राहायला जागा नसते. माती तुडवताना विठ्ठलनामात बुडून पायाखालचं मूल कळलं नाही, ती गोष्ट इथली. थापटणं हातात घेऊन संतांच्या डोक्यांवर मारत कुठलं मडकं पक्कं आणि कुठलं कच्चं हे सांगणारा कुंभार इथला. नामदेवांसारख्याला कच्चं ठरवण्याचं बळ त्याला त्याच्या धंद्यानं दिलं होतं. भाजलेल्या मडक्याचा आवाज त्याला ठाऊक होता. उत्खननात निघालेलं खापर पुरातत्त्वाचा माणूसही असंच दुसऱ्यावर आपटून ऐकतो. खणखणीत वाजलं तर भट्टी चांगली तापलेली, बद्द वाजलं तर अर्धकच्चं. समाधीच्या दर्शनाला आलेल्यांपैकी थोडे जरी संग्रहालयाकडे वळले तरी दालनं भरून जातील. त्यांना वेगळं काही शिकवावं लागणार नाही, त्या सासूबाईंना कुठे लागलं?

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरांना कळवायचं, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. १९७२ च्या कायद्यानं प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आणली. पण पाऊस पडल्यावर पांढरीवर उकरून वर आलेल्या मण्यासाठी कुणी कलेक्टर कचेरीची पायरी चढणार नाही, आणि चढला तर तिथे कुणाकडे जायचं हे त्याला कळणार नाही. त्यात भीतीही असते. सरकारला कळलं की शेत जाईल, घर बांधू देणार नाहीत, हे खेड्यापाड्यांत लोक उघड बोलतात. मग निघालेलं गुपचूप बुजवलं जातं, नाहीतर गुपचूप विकलं जातं. लामतुरे यांचं दुकान या दोन्हींच्या मधे होतं. तिथे जायला कुणाला भीती नव्हती. माणूस ओळखीचा, बोलणं गावचं, आणि वस्तू दिली की ती गावातच राहणार हे डोळ्यांसमोर.

अशी एक जागा आज गावच्या शाळेत होऊ शकते, असं मला मनापासून वाटतं, आणि तिला फार काही लागत नाही. मास्तरांच्या टेबलाच्या खणात एक जाड वही. पावसाळ्यानंतर जे सापडेल ते आणायचं, किंवा आणायचं नसेल तर नुसतं येऊन लिहायचं. तारीख. गट नंबर. बांधापासून किती पावलं. मातीचा रंग काळा की पांढरा. नांगरात निघालं, विहीर खणताना निघालं की पावसानं उघडं पडलं. किती हात खोल. शेजारी राख होती का, हाडं होती का, विटा होत्या का. वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलनं तिच्या कडेनं रेघ ओढायची, म्हणजे आकार आणि माप दोन्ही आलं. वर्षाकाठी ती वही संग्रहालयात न्यायची आणि तिथल्या माणसाला दाखवायची. धाराशिव, लातूर, बीड, जालना या पट्ट्यात पांढऱ्या असलेली गावं कितीतरी आहेत. भोकरदनसारखं गाव आहे, ज्याच्या माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपाला दान देऊन आपलं नाव कोरून ठेवलं. तिथल्या प्रत्येक शाळेत ही वही हवी. आमच्या गावच्या मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता, खापराचीही नोंद करायची का, की फक्त मूर्ती-नाण्यांची? मी म्हटलं, खापराची आधी.